ओरखड्यांचा डबा

वुयोकाझीने तो पांढराशुभ्र डबा मोन्वाबिसीच्या टेबलावर असा आदळला की त्याचा चहा हिंदकळून कागदांवर सांडला.

"माझा डबा कुणाला विचारून फेकलास?"

तिला सिसी, म्हणजे ताई, म्हणणाऱ्या मोन्वाबिसीने आधी बाहीने चहा टिपला. "फेकला कुठे? भंगाराच्या पेटीत आहे. आतून पार ओरखडला होता, सिसी. हा नवा सिरॅमिकचा, खास तुझ्यासाठी मागवला. आभार राहिले बाजूला."

"आभार हवेत तुला? सोमवारी माझे परीक्षक येतायत आणि तू माझ्या पोटावर पाय देऊन बसलायस."

बेलव्हिलच्या त्यांच्या प्रयोगशाळेत एकमेकांच्या जेवणाच्या डब्यात हात घातलेला चालायचा, दळणाच्या डब्यात नाही. ज्याचा त्याचा पोलादी डबा आणि पोलादी गोळे. त्यात मॅग्नेशियमची पावडर नि चिमूटभर दुसरा धातू घालून दिवसभर दळायचं. ही पावडर हायड्रोजन पिऊन धरून ठेवते, तापवली की परत देते. तो चिमूटभर धातू तिला घाई करायला लावतो. वुयोकाझीचा धातू पॅलेडियम. तिची पावडर सगळ्यांत भराभर गॅस प्यायची आणि तिचा अख्खा प्रबंध त्या वेगावर उभा होता. नव्या डब्यातली पावडर मात्र कालपासून ढिम्म होती.

"तुझ्या हातात काहीतरी पनवती आहे," ती म्हणाली.

"असेल. पॅलेडियम तेच घातलंस?"

"तेच."

"मॅग्नेशियम?"

"तेच. सगळं तेच आहे, फक्त माझा डबा..."

ती थांबली. मोन्वाबिसी पुढचं ऐकायला थांबला होता, पण ती तरातरा बाहेर निघून गेली.

भंगाराच्या पेटीत तिने कोपरापर्यंत हात घातला. डबा सापडला, गोळेही सापडले. तिने ते वजनकाट्यावर ठेवले. नवे होते तेव्हापेक्षा बरेच हलके भरले. झिजलेलं पोलाद इतकी वर्षं तिच्या पावडरीत जात होतं, हे सांगायला परीक्षकांची गरज नव्हती. तिला संताप आला: मोन्वाबिसीचा, प्रत्येक आलेखावर मान डोलावणाऱ्या प्राध्यापकांचा, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा. पेटीला तिने एक लाथ घातली. बोट ठेचकाळलं, तेवढंच.

मग जुन्या डब्यात पावडर भरून तिने यंत्र सुरू केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोन्वाबिसी तेलकट कागदात गरम अमाग्विन्या, म्हणजे तळलेले पाव, घेऊन दबकत आला. पडद्यावर गॅसच्या दाबाची रेघ धाडकन खाली उतरत होती.

"पितेय की घटाघटा!" तो हरखला. "मी उगाच शिव्या खाल्ल्या. शेवटी पॅलेडियम ते पॅलेडियमच. सुटलीस तू, सिसी."

वुयोकाझीने एक अमाग्विन्या तोडला, पण खाल्ला नाही. टेबलावरची पॅलेडियमची बाटली तिने त्याच्यासमोर सरकवली. कालच्या दळणासाठी काढलेली नवी बाटली होती. झाकणावरचं सील शाबूत होतं.

मोन्वाबिसीने सील पाहिलं, मग रेघ पाहिली, आणि हळूच खुर्चीत बसला.

"हे अजून कुणाला माहीत नाही ना?" दाराकडे बघत त्याने विचारलं. "मी तर काही पाहिलंच नाही."

"पाहिलंस तू," ती म्हणाली. "आणि तो डबा सोमवारी मी आत नेणार आहे. तोवर हात लावशील तर बघ."