राजवाड्यावर उघडलेली खिडकी

मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रांच्या, दिवसांत ज्या गावी नाटक त्या गावी पाहुणे, आणि जिथे पाहुणे तिथे सोयरिकीच्या गोष्टी, हा आमच्या झाडीपट्टीचा अलिखित नियम आहे. लोकेश त्याला अपवाद ठरला तो इतकाच, की त्याच्या कंपनीचे नाटक आरमोरीकडच्या एका गावात होते आणि त्याला दाखवायची मुलगी चामोर्शीत. पूर्वी नाटकाला रंगवलेले पडदे असत. आता रंगमंचाच्या पाठीमागे दिव्यांची भिंत उभी करतात आणि संगणकातून तिच्यावर राजवाडा, रान, न्यायालय असे जे लागेल ते उमटवतात. ती भिंत आणि तो संगणक सांभाळणे हे लोकेशचे काम. सकाळीच सारे जोडून, सोबत्याला, म्हणजे विक्कीला, तिथे ठेवून तो आपल्या मामांसह चामोर्शीला येऊन बसला होता.

मुलीचे वडील गुणवंतराव भांडेकर धानाचे शेतकरी होते. परंतु वाद घालण्याची त्यांना अशी हौस, की समोरच्याने त्यांचे म्हणणे मान्य केले तरी ते त्या मान्यतेवर हरकत घेत.

"काम काय करता तुमी?" त्यांनी विचारले.

"भिंत सांभाळतो जी."

"भिंत? आमच्या घरची भिंत कोणीच सांभाळत नाई, तरी उभी आहे."

"तशी नाई, काकाजी. कॉम्प्युटरची भिंत."

"काम आहे त दिसाले पायजे. आमी धानाचा रोवणा केला, त रस्त्यानं जाणाऱ्यालेही दिसते. तुमचं कुठी दिसते?"

नेमक्या त्याच क्षणी विक्कीचा फोन आला. "लोकेश भाऊ, राजवाडा उलटा झाला! कळस खाली अन् पायऱ्या आभाळात. राजा तालमीले उभा आहे, उतरू कुठून म्हणते!"

लोकेशला संकटात संधी दिसली. "काकाजी, हे मी इथूनच सुधरवतो. तुमच्यासमोर."

"सुधरवा. दिसलं त पुढची गोष्ट बोलू. नाई दिसलं त पोहे खाऊन जा."

एवढ्या स्पष्ट शब्दांत भवितव्य मांडले गेल्यावर लोकेशने लॅपटॉप उघडला. वास्तविक रीत सोपी होती: कुलूपबंद जोडणीने दूरच्या संगणकात शिरायचे, तिथला प्रोग्राम चालवायचा आणि त्याची खिडकी मात्र आपल्या पडद्यावर उघडायची, मग भिंतीचे वरचे तुकडे वर आणि खालचे खाली माउसने सरकवायचे. तो आत शिरला. त्याने प्रोग्राम चालवला. तक्रारीचा एक शब्दही उमटला नाही, आणि खिडकीही उघडली नाही.

"दिसलं का?" गुणवंतराव म्हणाले.

"येऊन राह्यलं जी."

खिडकी निघून वाटेत कुठे अडते हे शोधण्यासाठी त्याने सर्वांत हलका उपाय योजला. आपण लिहिलेली ओळ एका चौकटीत दाखवणारा एक किरकोळ प्रोग्राम होता. त्याने लिहिले, 'लोकेश बोलून राह्यला.' काही दिसले नाही. जोडणी तोडून पुन्हा केली, परवानग्या तपासल्या, पुन्हा ओळ पाठवली. शून्य. आपले लिहिणे कोणालाच दिसत नाही अशी खात्री झालेला मनुष्य सहसा खरे लिहू लागतो. लोकेशनेही लिहिले, 'चहा गोड, पण सासरा कडू.' त्याने थोडे हलके वाटले, म्हणून आणखी एक: 'पोट्टी लय पसंत आहे, पण तिले कोणी बोलू देईन तर!'

"आलं का?" गुणवंतरावांनी विचारले.

तेवढ्यात त्यांचाच फोन वाजला. त्यांची थोरली बहीण सुगंधाबाई त्याच गावी नाटकाला गेली होती आणि चांगली जागा मिळावी म्हणून दुपारपासूनच मंडपात पुढे चटई टाकून बसली होती. गुणवंतराव फोन नेहमी स्पीकरवर घेत.

"गुणवंता, तुया घरी कडू कोण आहे रे?"

"काऊन, ताई?"

"इथी राजवाड्यावर लिहून आलं! आधी 'लोकेश बोलून राह्यला,' मंग 'चहा गोड, पण सासरा कडू,' अन् खाली 'पोट्टी लय पसंत आहे.' मले वाचता येते बावा, अन् ज्याले येत नाई त्याले बाजूचे वाचून दाखवून राह्यले. सारा मंडप हासून राह्यला. हा लोकेश तोच ना, आपल्या दिव्याले पाहाले आलेला?"

मामांच्या हातातला पोह्यांचा चमचा मधल्यामध्ये थांबला. लोकेशला आपण उलट्या राजवाड्याच्या पायऱ्यांवरून आभाळात निघून जावे असे वाटले. गुणवंतरावांनी चष्मा काढून हातात धरला.

पहिली बोलली ती समोरच बसलेली दिव्या. ती बाजारात ऑनलाइन अर्ज भरण्याचे दुकान चालवत असे. आतापर्यंत तिला नाव आणि शिक्षण यांपलीकडे काही बोलण्याची संधी मिळाली नव्हती. हसू ओढणीत दाबून ती म्हणाली, "मंजे खिडकी उघडून राह्यली. फक्त तिथी. कोन्त्या पडद्यावर उघडाचं, हे तिथल्या कॉम्प्युटरले कोणी सांगतलं?"

लोकेशने डोळे मिटले. "मीच. विक्कीले सोपं जावं म्हणून मागच्या गावी एक ओळ लिहून ठेवली होती. काही चालू केलं, की भिंतीवरच उघड."

"मग तो त इमानदार निंगाला. विक्की काऊन नाई बोलला?"

"तो भिंतीच्या मागं वायर कसून राह्यला असन. त्याले पुढचं काय दिसते!"

ती ओळ पुसून तो पुन्हा आत शिरला, आणि या वेळी खिडकी शहाण्या सुनेसारखी चामोर्शीच्या पडद्यावर येऊन उभी राहिली. त्याने तुकडे सरकवले. गुणवंतराव नाक पडद्याला लागेपर्यंत वाकले. तरीही साक्षीवाचून ते मान्य करणारे नव्हते.

"ताई, कळस वर गेला का?"

"गेला! पण ते लिहिलेले डबे तसेच आहेत. अन् लोक इचारून राह्यले, सोयरीक झाली का? तबल्यावाला बी हात थांबवून बसला."

"त्याले म्हणा, वाजव. आमी विचार करून कळवू."

"विचार!" दिव्या म्हणाली आणि तिने लॅपटॉप आपल्याकडे ओढला. "भिंतीवर पाठवाचं कसं, सांगा जी."

लोकेशने सांगितले. तिने लिहिले, 'पोट्टा मलेही पसंत आहे. दिव्या.' क्षणभराने स्पीकरमधून असा गलका उठला की दारातली कोंबडी पळाली.

गलका ओसरतो न ओसरतो तोच विक्कीचा फोन आला; लोकेशनेही तो स्पीकरवर घेतला. "लोकेश भाऊ, हे काय चालवलं तुमी! बाकीचे डबे मी मिटवले. पण हा शेवटचा बराबर सिंहासनावर बसला, अन् लोक हात लावू नाई देत. राजा म्हणते, मी बसू कुठी?"

लोकेशने गुणवंतरावांकडे पाहिले. दिव्यानेही पाहिले. मामांनी चमचा खाली ठेवला.

गुणवंतरावांनी चष्मा पुसला, नाकावर चढवला आणि लोकेशचा फोन स्वतःच्या हातात घेतला.

"राजाले म्हणा, आज बाजूले बस."