डावीकडचा जोड

थोरलीनं पुठ्ठा गाडीच्या पाठीला दाबून धरला, दातांत धरलेली पेन्सिल काढली आणि दिव्याखालच्या वळणाची रेघ त्यावर उतरवून घेतली. मग पुठ्ठा कात्रीनं कापला, परत लावून पाहिला, परत थोडा कापला.

"टेपनं मोजलं असतं तर लवकर झालं असतं ना?" धाकटीनं विचारलं. ती रंगाच्या रिकाम्या डब्यावर बसली होती. गाडीची किल्ली अजून हातातच होती.

"टेपला वळण कळत नाही, डॉक्टर. पुठ्ठ्याला कळतं. शिवाय पुठ्ठा चुकला तर रद्दीत जातो. लोखंड चुकलं की माझं नाक कापलं जातं."

दोघी सख्ख्या जावा, एकाच घरात खाली-वर राहणाऱ्या. घरामागची वेल्डिंगची शेड थोरलीच्या नवऱ्यानं सुरू केली होती. ती आधी डबा द्यायला यायची, मग पाइपाचं दुसरं टोक धरायला थांबू लागली. एकदा तो तापानं पडला, तेव्हा तिनं एका शाळेचं अख्खं फाटक एकटीनं उभं केलं. तेव्हापासून तो गिऱ्हाइकं सांभाळू लागला आणि आगीचं काम तिच्याकडे आलं ते आलंच.

धाकटी जनावरांची डॉक्टर. नदीपलीकडच्या वस्त्यांवर जाण्यासाठी तिनं चारही चाकं ओढणारी उंच गाडी घेतली होती. ती लग्न होऊन आली त्या दिवसापासून थोरली तिला 'अहो डॉक्टर' म्हणत होती. आधी त्यात कौतुक होतं. नऊ वर्षांत त्याची सवय झाली आणि दोघींमध्ये कामापुरतंच बोलणं उरलं.

गाडीचा जुना बंपर महिन्यापूर्वी नदीत गेला होता. पलीकडे एक गाय अडली होती. धाकटी घाईनं निघाली आणि गाडी पाण्यातल्या वाळूत रुतली. ट्रॅक्टर आणला, दोर मागच्या बंपरला बांधला. बंपर पत्र्याचाच, दोन बारीक बोल्टांवर लटकलेला. तो सुटून ट्रॅक्टरमागे निघून गेला आणि गाडी होती तिथेच राहिली. धाकटी वस्तीवर पोचली तेव्हा दुपार कलली होती.

"त्या ट्रॅक्टरवाल्याला अक्कल नव्हती," घरी आल्यावर ती एवढंच बोलली. गाईचं काय झालं ते कोणी विचारलं नाही. तिच्या चेहऱ्यावरच लिहिलेलं होतं.

तिच्या नवऱ्यानं बाजारातून तयार बंपर आणायचं ठरवलं होतं. थोरली जिन्याच्या खालच्या पायरीवरून म्हणाली, "बाजारात मिळतो, चकचकीत मिळतो. पण हा मी करते." आणि वाद नको म्हणून धाकटीनं होकार दिला.

पुठ्ठ्याचं काम एका दिवसात झालं, लोखंडाला चार दिवस लागले. थोरलीनं पन्हळीसारखा जाड लोखंडी चॅनल घेतला आणि त्याची दोन्ही टोकं खालून तिरकी कापली.

"हे कशाला?" धाकटीनं विचारलं.

"चढ चढताना गाडीचं बूड खाली येतं. सरळ ठेवलं तर टोकं दगडाला घासतील."

चॅनलच्या मागे तिनं हातभर लांबीच्या दोन जाड प्लेटा उभ्या जोडल्या. त्या गाडीच्या चासीत, म्हणजे खालच्या सांगाड्यात, आत शिरणार होत्या, एकेका बाजूला तीन बोल्ट. मधोमध दोर अडकवायला अंगठ्याएवढ्या जाडीची कडी. ओढ लागेल ती चासीला लागेल, पत्र्याला नाही, हे तिनं धाकटीला चॅनलवर खडूनं काढून दाखवलं. धाकटी दवाखान्यातून रोज संध्याकाळी थेट शेडमध्ये येऊ लागली. काळी काच एकच होती, म्हणून ठिणग्या उडाल्या की ती भिंतीकडे तोंड करून उभी राहायची आणि आवाज थांबला की वळायची.

"तुमचे टाके आणि माझे टाके सारखेच," ती एकदा म्हणाली.

"तुमचं गिऱ्हाईक लाथ मारतं," थोरली जोडावरचा जळका पापुद्रा ठोकून काढत म्हणाली. "माझं गपगुमान पडून असतं. एवढाच काय तो फरक."

धाकटी मोठ्यानं हसली. शेडमध्ये ती अशी पहिल्यांदाच हसली होती.

पाचव्या दिवशी, सुट्टीच्या सकाळी, बंपर बसवायला घेतला. तांबडा प्रायमर आणि वर काळा रंग लागून तो अगदी रुबाबदार दिसत होता. दोघींनी तो जॅकवर ठेवून हळूहळू वर चढवला. उजव्या बाजूचे तीनही बोल्ट लोण्यात सुरी जावी तसे आत गेले. डाव्या बाजूला पहिला गेला, दुसरा अडला. थोरली गाडीखाली सरपटली, कानसीनं भोक किंचित वाढवलं आणि खालूनच म्हणाली, "आता ढकला."

बोल्ट गेला. तिनं सहाही बोल्ट लांब दांड्याच्या पान्यानं आवळले. शेवटच्या बोल्टाला ती पूर्ण अंगाचा भार देऊन जवळजवळ लोंबकळली. मग उठून बंपरवर दोन्ही पायांनी उभी राहिली आणि उड्या मारल्या. गाडी हलली, बंपर हलला नाही.

"झालं?" धाकटीनं विचारलं. दुसऱ्या दिवशी पहाटे तिला नदीपलीकडे लसीकरणाला जायचं होतं.

"झालं कसं? ओढून बघायला नको?"

शेडच्या मागे माती काढून काढून एक खोल खड्डा झाला होता. तळाशी गुडघाभर चिखल. थोरलीच्या सांगण्यावरून धाकटीनं चांगली धुतलेली गाडी नाक खाली करून त्या खड्ड्यात उतरवली. पुढची चाकं चिखलात बुडली. शेजारचा ट्रॅक्टरवाला वर काठावर येऊन थांबला. थोरलीनं दोर कडीत अडकवला, त्यावर ओलं पोतं टाकलं, म्हणजे दोर तुटला तरी उसळून कोणाला लागायला नको, आणि सगळ्यांना लांब उभं केलं.

"आधी हळू. मी हात वर केला की हिसका द्या."

दोर ताणला. गाडी कुरकुरली, चिखल सोडेना. थोरलीनं हात वर केला. ट्रॅक्टरनं हिसका दिला, आणखी एक दिला. चिखलातून ढेकर दिल्यासारखा आवाज आला आणि गाडी मागच्या मागे चढत काठावर येऊन उभी राहिली.

"कोणी बनवलाय?" ट्रॅक्टरवाल्यानं खाली उतरून बंपरवर थाप मारली. "माझा दोर तुटेल, पण हा नाही हलायचा."

"माझ्या जाऊबाईंनी," धाकटी म्हणाली. तिच्या गालावर चिखल होता आणि ती पुसायचंही विसरली होती.

ट्रॅक्टरवाला दोर गुंडाळायला लागला. थोरली टॉर्च घेऊन गाडीखाली गेली. बराच वेळ तिचे फक्त पाय दिसत राहिले. मग ती बाहेर आली, उठली नाही, तिथंच मातीत बसली.

"उद्या निघू नका, डॉक्टर."

"का? चीर गेलीये?"

"नाही."

"बोल्ट?"

"बोल्ट पक्के आहेत." तिनं टॉर्च बंद केली. "डावीकडचा जोड. प्लेट कापताना माप चुकलं होतं. चॅनल आणि प्लेटीमध्ये फट राहिली, बोटभर नाही, पण राहिली. नवीन प्लेट कापायला हवी होती. मी ती फट वरून भरून टाकली. घासून, रंगवून. बाहेरून ओळखू येत नाही."

"पण आत्ता तर धरलं ना त्यानं."

"आत्ता धरलं. आतून एकजीव झालेला नाही तो. दोन वर्षं धरेल, नाहीतर उद्याच नदीत सोडेल."

धाकटीनं वाकून डावीकडच्या जोडाकडे पाहिलं. मग म्हणाली, "मला तेव्हाच का नाही सांगितलं?"

थोरलीनं हातमोजे काढून मांडीवर ठेवले. "तुमच्यासमोर? टेपनं मोजा म्हणालात पहिल्याच दिवशी. मी म्हटलं, लोखंड चुकलं की नाक कापलं जातं. मग कोणत्या तोंडानं सांगू, की प्लेट मापून कापली आणि तीच चुकली?"

ट्रॅक्टर सुरू झाला. धाकटी थोरलीशेजारी मातीत बसली, तिच्याइतकीच ऐसपैस.

"दोर बंपरला बांध, असं मीच सांगितलं होतं," ती म्हणाली. "नदीत. तिथला ट्रॅक्टरवाला म्हणत होता, चासीला बांधू, त्यासाठी पाण्यात आडवं व्हावं लागेल, जरा वेळ द्या. मी ओरडले त्याच्यावर. वेळ नाही म्हणाले."

थोरलीनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"घरात कोणाला सांगितलं नाही. यांनाही नाही."

ट्रॅक्टर वळून रस्त्याकडे निघाला होता. धाकटी एकदम उठली आणि हात हलवत त्याच्यामागे धावली. आवाजात बोलणं ऐकू येईना, पण ट्रॅक्टरवाल्यानं बंपरकडे बोट दाखवून खांदे उडवलेले थोरलीला दिसले. धाकटीनं मान हलवली, दोन बोटं दाखवली. तो हसला आणि निघून गेला.

ती परत आली. "परवा सकाळी येतो म्हणाला. परत ओढायला."

"आणि तुमची लस?"

"फोन करते. लस दोन दिवस थांबेल." तिनं फोन तिथंच, उभ्याउभ्याच केला. बोलून झाल्यावर गाडी शेडच्या दारात आणून लावली, भिंतीला टेकवलेलं पोतं जमिनीवर अंथरलं, लांब दांड्याचा पाना उचलला आणि पाठीवर झोपून गाडीखाली शिरली.

थोरली अजून हातमोजे घालत होती तोच खालून विचारणा आली, "डावीकडचेच तीन काढायचे ना?"

"सहाही. एका बाजूनं लोंबता ठेवतेस की काय त्याला?" थोरली वाकली आणि जॅक बंपरखाली सरकवला. "आणि वॉशर नीट एका जागी ठेव गं. हरवशील."