मधली आठ वर्षं

चुका पकडण्यात शैलाचा हात कोण धरणार! सिंगापुरातल्या मराठी मंडळाच्या अंकाची प्रुफं दरवर्षी तिच्याच बुकित बातोकच्या फ्लॅटमध्ये यायची आणि भलेभले लेखक तिला टरकून असायचे.

त्या शनिवारी मात्र तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. मंडळाच्या टेनिस स्पर्धेसाठी प्रबोधकाकांकडे नाव द्यायची मुदत संध्याकाळी सहाला संपत होती. शैला एकेकाळची पुणे विद्यापीठाची विजेती. श्रिया पोटात असताना रॅकेट कपाटात गेली, ती चौदा वर्षं तिथेच. खेळावंसं तर जाम वाटत होतं. पण या वयात चारचौघांत हसं कोण करून घेणार?

समोर त्याच प्रबोधकाकांचा लेख होता, शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकन विजेत्यांवर. त्यातली एक हेझल हॉचकिस. घरामागचं अंगण खडबडीत, चेंडू भलतीकडेच उडायचा, म्हणून ही पोरगी टप्पा पडूच द्यायची नाही, हवेतच मारायची! १९०९, १९१०, १९११. तिन्ही वर्षं देशाचं एकेरी, दुहेरी, मिश्र दुहेरी, सगळं हिचंच. आणि पुढे लिहिलं होतं, १९१९, हेझल वाइटमन.

"घ्या! दुसऱ्याच बाईचं बक्षीस हिच्या गळ्यात घातलंय काकांनी." शैलानं त्या ओळीवर लाल काट मारली आणि फोन लावला.

काका खो खो हसले. "अगं, लग्न झालं तिचं! मधे पोरंबाळं झाली. आठ वर्षांनी परत आली आणि जिंकली. तू नाही का सहस्रबुद्ध्यांची मोघे झालीस?"

शैलानं लेख पुन्हा पुढे ओढला. तिनं पुढचं वाचलं. सदतिसाव्या वर्षी ऑलिंपिकची दोन सुवर्णपदकं. बाप रे! आणि आपण काय केलं, तर अशा बाईला खोडून टाकलं. आडनाव बदललं, बाई संपली! हे आपल्याला इतकं सहज कसं पटलं? तिला स्वतःची लाज वाटली आणि डोळे भरून आले.

"आहेस ना गं?" काकांनी विचारलं.

"आहे. स्पर्धेची यादी बंद केलीत?"

"आत्ता करतोच आहे."

"माझं नाव घाला. दोन्ही आडनावांसकट."

काका जरा घुटमळले. "शैला, ती आठ वर्षांनी आली होती. तुझी चौदा झाली."

"मग मी जरा जास्त पळेन," शैला म्हणाली.