दोन वचनांमधली कामिनी

मित्रांनो, कुंपणाकडे कोणी पाहत नाही. कुंपणापलीकडे काय आहे ते पाहायला मात्र सगळे टाचा उंचावतात. म्हणून मीच माझी ओळख करून देते. दोन घरांच्या मधल्या बुटक्या भिंतीलगत कामिनीच्या सात झाडांची एक रांग होती. त्यातली चौथी मी. आता माझं वय झालं आहे आणि अर्धं अंग वाळून गेलं आहे. ते वयामुळे वाळलेलं नाही.

माझं लहानपण काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत गेलं. रोपं विकणाऱ्या माळीणमावशींकडे आम्ही शेकडो जणी दाटीवाटीनं उभ्या असायचो. एका सकाळी तिथे नर्सताई आल्या. इस्पितळातून थेट आल्या होत्या, पायांत अजून पांढरे बूट होते.

"मावशी, मला झाड नको, पडदा हवाय," त्या म्हणाल्या. "शेजारी घड्याळं दुरुस्त करणारे काका राहतात. माणूस देवासारखा आहे, पण त्यांची खिडकी आमच्या अंगणात उघडते. उशीचा अभ्रा वाळत घातला तरी परीक्षेला बसल्यासारखं वाटतं."

"कामिनी ने," मावशी म्हणाल्या. "पण भिंतीपासून दोन हात लांब लाव. झाड अंग पसरतं, ते काही कपाट नव्हे."

नर्सताईंचे यजमान पोस्टमास्तर. खड्डे त्यांनीच खणले. दोन हात मोजल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की संध्याकाळी पेपर वाचायची खुर्ची ठेवायला जागा उरत नाही. त्यांनी आम्हाला भिंतीपासून वीतभर अंतरावर लावलं आणि बायकोला सांगितलं, "दोन हात, अगदी बरोबर." मला तेव्हा मोजता येत नव्हतं. कोणी मायेनं माती दाबत असेल तर आपण टेप मागत नाही.

आणि माया होती, हे मी आजही नाकारत नाही. रोज सकाळी ते पत्र्याची झारी घेऊन यायचे आणि पाणी घालता घालता आमच्याशी बोलायचे. पोस्टात कोणाची पेन्शन अडली, साहेब कसा शिंकला, सगळं. कोणी पाहुणा आला की म्हणायचे, "या माझ्या सात लेकी." मला ते बोलणं पाण्याइतकंच लागायचं.

पाचव्या वर्षी आम्ही नर्सताईंच्या डोक्याच्या वर गेलो. रात्रपाळी करून आल्या की त्या आमच्या आडोशाला खुर्ची टाकायच्या, कोमट पाण्याच्या बादलीत पाय सोडायच्या आणि तोंड उघडं टाकून झोपायच्या. "वॉर्डात चाळीस जणांचे डोळे माझ्यावर असतात," त्या म्हणायच्या. "इथे एकाचाही नाही." जगात आपलं काही काम आहे, असं मला तेव्हा वाटायचं. फुलं आली की रस्त्यानं जाणारी माणसं थांबून वास घ्यायची.

पण मी भिंतीला खेटून होते ना. माझं अर्धं अंग पलीकडे घड्याळजींच्या बाजूला झुकलं आणि माझी सावली त्यांच्या टेबलावर पडू लागली. वर्षभर ते काही बोलले नाहीत. आधी एक दिवा आणला, मग दुसरा. मोहरीएवढा स्क्रू हातातून निसटला, तेव्हा दुपारभर गुडघ्यांवर फरशी चाचपत होते. मग एक दिवस त्यांनी भिंतीपलीकडे आलेल्या फांद्या कापल्या. भिंतीच्या रेषेच्या आत एक पानही तोडलं नाही. कापलेल्या फांद्यांची नीट जुडी बांधली आणि दारात आणून दिली.

नर्सताई भडकल्या. "काका, कापायच्या आधी विचारायचं तरी."

"दोनदा आलो होतो, ताई. दोन्ही वेळा तुम्ही झोपला होतात. तुमच्या यजमानांना सांगून गेलो."

नर्सताईंनी मान वळवली. पोस्टमास्तर चष्मा पुसत होते. "मला काही आठवत नाही बुवा," ते म्हणाले.

"खरं सांगू काका?" नर्सताई म्हणाल्या. "तुमच्या खिडकीमुळेच लावलीत ही झाडं."

घड्याळजी हसले. "अहो, डोळ्याला भिंग लावलं की समोर हत्ती उभा राहिला तरी मला दिसत नाही. तुमचं अंगण कुठलं दिसायला?"

"आणि भिंग काढल्यावर?"

घड्याळजी म्हणाले, "मला फक्त खिडकीपुरता उजेड द्या, ताई. माझं पोट आहे त्या उजेडावर."

मित्रांनो, भांडण इथेच मिटलं असतं. तिघांनी एकत्र बसून अर्धा तास बोलायचा अवकाश होता. पण पोस्टमास्तरांना कोणाच्या तोंडावर 'नाही' म्हणता यायचं नाही. त्याच आठवड्यात ते बायकोला म्हणाले, "तू निवांत झोप. या झाडांची एकही फांदी कापू देणार नाही." आणि रविवारी भिंतीपाशी येऊन घड्याळजींना हळूच म्हणाले, "काका, उन्हाळा संपला की सगळं कमरेएवढं करतो. शब्द आहे माझा." दोन्ही वचनं माझ्याच पानांमधून गेली. मी भोळी. मला वाटलं, एवढा शहाणा माणूस, यातून वाट काढेल.

उन्हाळा संपला. घड्याळजी भिंतीवरून विचारायचे, "काय, कधी?" पोस्टमास्तर म्हणायचे, "होतंय, होतंय." एकदा खरंच कात्री घेऊन आले, तेवढ्यात नर्सताई बाहेर आल्या.

"कात्री कशाला?"

"गंजलीय का बघत होतो."

मग पाऊस सरल्यावर एका दुपारी, नर्सताई ड्युटीवर असताना, ते झारी घेऊन आले. ती काही पाणी घालायची वेळ नव्हती, पण ऊन फार होतं आणि मला तहान लागली होती. ओळखीची पावलं, ओळखीची झारी. मी आनंदानं मुळं पुढे केली.

झारीत न्हाणीघराच्या फरश्या घासायचं जळजळीत औषध होतं.

ते रांगेनं पुढे सरकत गेले. माझ्यापाशी जरा थांबले आणि म्हणाले, "माफ कर गं. तुम्ही आपोआप गेलात, तर कोणालाच काही सांगावं लागणार नाही." ज्या आवाजात पेन्शनची गोष्ट सांगायचे, त्याच आवाजात.

आठ दिवसांत आमची बहुतेक पानं करपली. दुसरी आणि सहावी उभ्या उभ्या मेल्या. नर्सताई मातीत गुडघे टेकून बसल्या. "कोणी केलं हे?" त्यांनी विचारलं आणि त्यांची नजर भिंतीपलीकडे गेली. पोस्टमास्तर शेजारीच होते. ते काही बोलले नाहीत. खोटं बोलले असते, तर निदान पकडले गेले असते.

नर्सताईंनी रस्त्यात उभं राहून चार लोकांसमोर घड्याळजींना सुनावलं. "उजेड हवा होता म्हणून जिवंत झाडं जाळलीत, काका?"

घड्याळजींच्या हातात चिमटा तसाच राहिला. "मी कापली, ताई. चोरून नाही कापली, दारात आणून दिली. जाळीन कशाला?"

पण ज्यानं फांदी कापली त्यानंच मुळं जाळली, हे लोकांना सोपं वाटलं. शेजारची मुलं त्यांना 'झाडजाळे काका' म्हणू लागली. गिऱ्हाइकं दुसरीकडे वळली. घड्याळजींनी खिडकी लावून घेतली. आता माझ्या वाळक्या फांद्यांतून त्यांना हवा तेवढा उजेड येत होता, पण तो बंद खिडकीवर पडत होता. मला खरं माहीत होतं आणि मला तोंड नव्हतं. मुळांच्या आगीपेक्षा ते जास्त जाळत होतं.

उरलेल्या आम्हाला वाचवता येतंय का हे बघायला नर्सताई माळीणमावशींना घेऊन आल्या. मावशींनी खुरप्यानं माती उकरली, वास घेतला आणि भिंतीवरून वाकून पलीकडे पाहिलं.

"पोरी, ही झाडं तिकडून नाही मारली कोणी. अंगणाकडची मुळं बघ, काळी पडलीत, न्हाणीघराचा वास येतोय. भिंतीखालची बघ, पांढरी आहेत, जिवंत आहेत. पलीकडची थोडी पानंही अजून हिरवी आहेत. तिकडून ओतलं असतं तर ती बाजू आधी गेली असती. उलट त्यांच्या बाजूच्या मुळांवरच ही तगलीत."

अंगणात पोस्टमास्तर पेपर वाचत होते. बराच वेळ पान उलटलं नव्हतं.

"अहो," नर्सताई म्हणाल्या.

पेपर खाली आला. "मला तुला नाही म्हणता येईना. त्यांनाही येईना."

"म्हणून यांना मारलंत. आणि त्यांच्यावर आळ येऊ दिलात."

"तू त्यांना एवढं बोलशील, असं वाटलं नव्हतं."

"मी बोलत होते तेव्हा तुम्ही शेजारी उभे होतात." त्या उठल्या. "मी जिथे ओरडले, तिथे जाऊन तुम्ही बोलायचं. आत्ता. आणि मीही येतेय माझी चूक सांगायला."

पोस्टातल्या रांगेच्या टोकापर्यंत पोचणारा पोस्टमास्तरांचा आवाज त्या दिवशी रस्ताही ओलांडेना. त्यांना दोनदा सांगावं लागलं. घड्याळजींनी दाराची एक फळी उघडली आणि सगळं ऐकून घेतलं. नर्सताईंना म्हणाले, "तुम्ही समोर येऊन बोललात, ताई. ते मी विसरेन." पोस्टमास्तरांना म्हणाले, "तुम्ही माझ्याशी गोड बोलत होता. त्याचं काय करू, ते मला अजून कळत नाही."

मावशींनी आम्हाला खिडकीच्या खालच्या चौकटीपर्यंत छाटलं. नर्सताईंनी खुर्चीशेजारी बांबूची एक ताटी उभी केली. तिच्याआड त्या आता झोपतात, घड्याळजींना उजेड मिळतो, हळूहळू गिऱ्हाइकंही येऊ लागली आहेत. एवढी साधी ताटी.

मित्रांनो, झाड नको असेल तर तसं सांगा. कापायचं असेल तर दिवसाढवळ्या, शेजाऱ्याला विचारून, कात्रीनं कापा. फांदी कापल्याचा राग झाड धरत नाही. पण 'नाही' म्हणायला जीभ रेटत नाही म्हणून कोणाची मुळं जाळू नका.

पोस्टमास्तर आजही रोज सकाळी पाणी घालायला येतात. आता बोलत नाहीत. पाणी चांगलं असतं, मला माहीत आहे. तरी पहिला थेंब पडला की माझी उरलेली मुळं आक्रसतात. मग ऊन चढतं, तहान लागते, आणि मी ते पाणी पिते. पाणी घालणारा हात झाडाला बदलून मागता येत नाही.