डांबरगोळ्या

डॉक्टर तन्वींनी बाळाचं दुपटं नाकाशी धरलं आणि लगेच दूर केलं.

"डांबरगोळ्या?"

सुहासिनीबाईंनी काहीशा अभिमानानेच हो म्हटलं. बारशापर्यंत बाळाला नवं कापड लावायचं नाही, म्हणून जुनी दुपटी पेटीतून काढली होती. चाळीस वर्षांत त्या पेटीत एका कापडाला कसर लागलेली नव्हती. नातू पाच दिवसांचा होता आणि सकाळपासून पिवळा दिसत होता. जावयाने, नीरजने, आधी खोलीतला बल्ब बदलून पाहिला होता.

डॉक्टरांनी समजावलं. तांबड्या पेशीत एक एन्झाइम असतं. पेशीवर बाहेरून मारा झाला की ते कामाचा वेग वाढवतं आणि पेशी वाचवतं. काहींच्यात ते कमी असतं आणि एरवी कळतही नाही. डांबरगोळीची वाफ लागली की मात्र पेशी फुटायला लागतात.

"मल्हारगंजात आपला एक औषधवाला भिया आहे, मॅडम," नीरज म्हणाला. "ते एन्झाइम होलसेलमध्ये काढून देईल."

"ते शरीरातच बनतं." डॉक्टर सुहासिनीबाईंकडे वळल्या. "हा दोष आजीकडून आईकडे, आईकडून मुलाकडे येतो. तुमचा कोणी मुलगा असा लहानपणी गेलाय का, आजी? असेल तर रक्त आत्ताच बदलायला घेते. नसेल तर उद्या रिपोर्ट येईपर्यंत थांबू."

"नाही हो," नीरजनेच उत्तर दिलं. "आईंना एकच मुलगी."

कॉरिडॉरच्या टोकाला सुहासिनीबाईंची जाऊ शारदा बसली होती. महूहून न बोलावता आली होती. तिची दृष्ट लागते, असं घरात छत्तीस वर्षांपूर्वी ठरलं होतं. ठरवणाऱ्यांत सुहासिनीबाई पहिल्या. आजही तिला बाळापासून तीस फुटांवर बसवलं होतं. तीस फुटांपलीकडे दृष्ट पोचत नाही, हा नीरजचा अंदाज.

"होता एक," सुहासिनीबाई म्हणाल्या. "नऊ दिवसांचा."

"कशाने गेला?"

या प्रश्नाला 'शारदाची दृष्ट' हे उत्तर त्या घरात इतकी वर्षं न अडखळता देत आल्या होत्या.

"पिवळा झाला होता," त्या हळू म्हणाल्या. "पेटी हीच. मीच गुंडाळलं होतं."

डॉक्टर धावतच आत गेल्या. रक्तपेढीची चिठ्ठी घेऊन नीरज जिन्याकडे पळाला.

शारदाने शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलून पायाशी ठेवली.

सुहासिनीबाई त्या मोकळ्या खुर्चीकडे बघत बराच वेळ उभ्याच राहिल्या.