उत्तररंगाआधीचा फोन

आपल्या माणसांत कोणाच्या घरी गेलं, की चपला काढून होतात न होतात तोच मुलांची चौकशी सुरू होते. तुमच्या मोठ्याचं काय? धाकटीला कुठे ॲडमिशन मिळाली? चहा येईपर्यंत कोणाचं तरी मूल वर गेलेलं असतं नि कोणाचं तरी खाली आलेलं असतं. देश सोडताना आपण पुष्कळ सामान मागे ठेवलं, पण ही तागडी मात्र जपून सोबत आणली!

अमेरिकेतल्या एडिसन गावच्या चंद्रशेखर देवस्थळींच्या वाट्याला या तागडीतलं हलकं पारडं बरीच वर्षं आलं होतं. त्यांचा नकुल लहानपणापासून बर्फावरची हॉकी खेळायचा. इतरांची मुलं गणिताच्या क्लासला जात, तेव्हा चंद्रशेखर पहाटे पाचला त्याला रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर, घेऊन जात आणि गारठलेल्या बाकावर कॉफी पीत बसत. "पोराला बर्फात काय नाचवता?" असं लोक तोंडावर म्हणत. पण अठराव्या वर्षी एका मोठ्या व्यावसायिक संघानं नकुलला निवडलं, आणि हसणारी तोंडं मिटली. तिथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात चंद्रशेखरांना पुढच्या रांगेत खुर्ची मिळू लागली. कोणाला गोड लागणार नाही हो असा मान?

आता निवड झाली म्हणजे मुलगा लगेच मोठ्या सामन्यात उतरतो असं नसतं. आधी दोनतीन वर्षं दुय्यम संघात घासूनपुसून तयार व्हावं लागतं. वीस वर्षांचा नकुल तसाच पेनसिल्व्हेनियात, घरापासून दीड तासावर, हेरॉन्स नावाच्या संघात शिकत होता. खेळायचा फॉरवर्ड, म्हणजे गोल करणाऱ्यांतला. पण तिथल्या कोचनं त्याला चौथ्या, म्हणजे सगळ्यांत शेवटच्या, फळीत टाकलं होतं. साठ मिनिटांच्या सामन्यात तो जेमतेम नऊ मिनिटं बर्फावर असे. त्यात काम काय, तर प्रतिस्पर्ध्याच्या मागे धावायचं, मैदानाच्या कडेच्या भिंतीपाशी झटापट करून पक, म्हणजे खेळातली चकती, सोडवायचा, आणि आपल्या गोलकीपरच्या मदतीला परत यायचं. सबंध महिन्यात एक गोल!

यातलं अक्षरही चंद्रशेखरांनी बाहेर सांगितलं नव्हतं. "नकुल यंदा जोरात आहे," एवढंच ते म्हणत. त्या भरवशावर मंडळानं बस ठरवली. नोव्हेंबरातल्या एका शनिवारी चाळीस माणसं सामना बघायला निघणार होती. सोबत लेझीम, भगवे फेटे आणि नकुलच्या फोटोचा मोठा फलक. निघण्यापूर्वी देवळाच्या हॉलमध्ये दुपारी कीर्तन होतं, आणि त्याचे यजमान अर्थात चंद्रशेखरच.

त्या दिवशी सकाळी नऊला नकुलचा फोन आला.

"बाबा, गुरुवारी मला हिट बसला. माय हेड फील्स वीयर्ड. लाइटकडे बघवत नाही."

"डॉक्टरांना सांगितलंस?"

"नाही. सांगितलं तर ते मला बाहेर बसवतील. म्हणून तुम्हाला विचारतोय."

चंद्रशेखरांच्या हातात बसमधल्या माणसांची यादी होती. ती हातात नसती, तर कदाचित ते वेगळं बोलले असते.

"अरे, चाळीस माणसं येतायत तुला बघायला. काय सांगू मी त्यांना? गोळी घे एक. आजचा दिवस काढ, उद्या सांग डॉक्टरांना."

पलीकडून आलं, "ओके, बाबा."

"कोणाचा फोन?" त्यांच्या पत्नीनं, दीपानं, स्वयंपाकघरातून विचारलं.

"नकुलचा. ऑल द बेस्ट म्हटलं त्याला."

सज्जनहो, हे वाईट बाप नव्हते. लेकरासाठी पहाटेची झोप मोडणारा बाप तो. पण लोकांच्या नजरेची भूल एकदा पडली, की मायाळू माणूसही लेकराकडे लोकांच्याच डोळ्यांनी बघू लागतो!

दुपारी हॉल भरला. शैलामावशी जर्सी सिटीहून ट्रेननं आल्या होत्या. अडुसष्ट वय, नऊवारी, पायात स्नीकर्स आणि खांद्याच्या पिशवीत झांजा. लहानपणापासून त्यांनी कीर्तनं केली होती, आणि इथे लेकीकडे राहायला आल्यावरही ते व्रत सोडलं नव्हतं. पेटीवर संजय, तबल्यावर शंतनू. नमन झालं, पूर्वरंग सुरू झाला. मावशींचा आवाज मध्यमात असा काही फिरे, की आयफोनमध्ये मान घालून बसलेली पोरंही वर बघत.

चंद्रशेखर पहिल्या रांगेत होते. एरवी त्यांची टाळी समेवर पडायची, एकदाही चुकायची नाही. आज ती कधी आधी पडत होती, कधी नंतर. कानात एकच शब्द वाजत होता. ओके, बाबा. ओके, बाबा.

पूर्वरंग संपला. आता रिवाज असा, की मंडळी भजन म्हणतात आणि यजमान कीर्तनकाराला बुक्का लावून हार घालतो. मग उत्तररंगातलं आख्यान सुरू होतं. चंद्रशेखर हार घेऊन पुढे झाले, पण त्यांचं लक्ष भलतीकडेच होतं. हार मावशींच्या एका खांद्यावरून घसरला.

मावशींनी तो स्वतःच नीट केला आणि भजनाच्या आवाजाआड विचारलं, "चंदू, आज टाळ्या वेड्यावाकड्या का पडतायत रे तुझ्या? घरी सगळे बरे आहेत ना?"

बस्स, तेवढं पुरलं. चंद्रशेखरांनी चार वाक्यांत सगळं सांगून टाकलं. डोकं, दिवा, गोळी, बस.

मावशींचा चेहरा बदलला. "सामना कधी?"

"सातला."

"आत्ता वाजलेत तीन. बाहेर जा आणि फोन कर त्याला."

"आत्ता? मावशी, मी यजमान आहे. कीर्तन मधेच टाकून कसा उठू? आणि ही चाळीस माणसं..."

"ऐक. सोळा वर्षांची होते मी. उत्सवात माझं कीर्तन होतं, नि घसा सुजून अंगात ताप. आईनं नको म्हटलं. पण वडिलांनी तीन गावांत पाट्या लावल्या होत्या. 'आजचा दिवस काढ,' म्हणाले. काढला की! दोन तास गायले. वाहवा झाली, नारळ मिळाला, आणि वरचा पंचम गेला तो गेला. बावन्न वर्षं झाली, परत आला नाही. वाहवा करणारी मंडळी दुसऱ्या दिवशी जेवून आपापल्या गावी गेली. आणि माझा तर नुसता सूर गेला, चंदू. इथे पोराचं डोकं आहे! एक मार भरून यायच्या आत दुसरा बसला तर काय होईल, ते तुला मी सांगायला हवं का?"

"पण लोक काय म्हणतील?"

"लोकांना मी सांभाळते. तेवढंच तर काम येतं मला." आणि मग हळूच, "तू आत आल्याशिवाय उत्तररंग सुरू करत नाही. जा."

त्या वळल्या, झांजा हातात घेतल्या आणि नामगजर धरला. मंडळी डोलू लागली. शंतनूनं संजयकडे भुवया उंचावून बघितलं, कारण असा लांबलेला गजर त्यानं कधी वाजवला नव्हता.

बाहेर चपलांच्या रॅकपाशी चंद्रशेखरांनी फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. सामन्याच्या दिवशी दुपारी खेळाडू झोपतात, फोन बंद ठेवतात, हे त्यांना ठाऊक होतं. तिसऱ्यांदा लावताना त्यांच्या तोंडून आपोआप "देवा, उचलू दे रे" निघालं.

"हॅलो?" आवाज जड होता.

"नकुल, डोकं कसं आहे?"

"सेम. गोळी घेतली. इट्स फाइन, बाबा, मी खेळतो."

"नाही! खेळायचं नाहीस. आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे जा नि सगळं सांग. सकाळी मी चुकलो, बाळा. फार चुकलो."

"बट द बस... सगळे काका, काकू..."

"बसला चाकं आहेत, ती तिची ती जाईल. मला तू हवा आहेस. गोल नको, फोटो नको, काही नको."

पलीकडून हुंदका आला. सहा फुटांचा, भिंतीवर माणसं आपटणारा तो गडी रडत होता.

"बाबा, आय वॉज सो स्केअर्ड," तो म्हणाला. "थँक यू."

चंद्रशेखरांनी मागे वळून बघितलं तर दारात दीपा उभी. तिनं सगळं ऐकलं होतं.

"ऑल द बेस्ट म्हटलंत ना सकाळी?"

त्यांनी मान खाली घातली.

"त्याचा हिशोब घरी गेल्यावर," दीपा डोळे पुसत म्हणाली. "आधी आत चला. मावशींचे हात दुखले असतील."

उत्तररंग सुरू झाला. आख्यान रंगात आलं असताना चंद्रशेखरांचा फोन थरथरला. नकुलचा निरोप होता. डॉक्टरांनी तपासलं होतं. कन्कशन, म्हणजे डोक्याला आतून बसलेला मार, पण सौम्य. विश्रांतीनं पूर्ण बरा होईल, वेळेवर आलास, असं ते म्हणाले होते. चंद्रशेखरांनी फोन दीपाला दाखवला आणि इतका मोठा श्वास सोडला, की पुढच्या ओळीवर त्यांची टाळी बरोबर समेवर पडली.

आरती झाली. मंडळी फेटे बांधायला उठणार, तोच चंद्रशेखर उभे राहिले.

"थोडं बोलायचंय. नकुल आज खेळणार नाही. त्याच्या डोक्याला मार लागलाय. आणि सकाळी त्यानं मला सांगितलं, तेव्हा मीच त्याला लपव म्हणालो. तुमच्यासाठी. नाही, माझ्यासाठी. आणखी एक. तो कोणी स्टार नाहीये. चौथ्या फळीत आहे, नऊ मिनिटं खेळतो, शिकतोय."

फेट्यांकडे वळलेली मंडळी परत खाली बसली.

"म्हणजे यार, मी हा फोटोचा फलक दोन दिवस बेसमेंटमध्ये रंगवत बसलो, तो कोणासाठी?" संजय म्हणाला.

"फॉर हिम, संजयकाका," नकुलची धाकटी बहीण अनिका ताडकन म्हणाली. "ही इज स्टिल हिम."

संजय कानाची पाळी पकडून म्हणाला, "सॉरी बेटा. बरोबर आहे तुझं."

तेवढ्यात मागच्या रांगेतून प्रसाद उठला. साधा माणूस, कधी मीटिंगमध्येही बोलत नाही.

"आता विषय निघालाच आहे म्हणून... आमच्या रीमानं मेडिकल सोडलं. दीड वर्ष झालं. आम्ही रिसर्च करते म्हणून सांगतो. ती बेकरीत काम करते, आणि खरं सांगू? आनंदात आहे. तिलाच आम्ही कार्यक्रमाला येऊ नको म्हणतो." तो खाली बसता बसता म्हणाला, "पुढच्या वेळी आणतो."

"येताना ब्रेडही आण म्हणावं!" मावशी म्हणाल्या, आणि हॉल हसला. हसता हसता कित्येकांनी डोळे टिपले. मनावरचं ओझं उतरलं की माणसाला हसू नि रडू एकदमच येतं.

बस गेली. लेझीम मात्र डब्यातच राहिली, कारण ज्याच्यासाठी ती वाजवायची तो नकुल बर्फावर नव्हता. त्याच्या जागी उतरलेल्या मुलासाठी आपली मंडळी इतकी ओरडली, की त्या बिचाऱ्यानं दोनदा वळून बघितलं, ही कोण माणसं म्हणून.

चंद्रशेखर आणि दीपा आत नकुलपाशी होते. रिंकमागच्या अंधाऱ्या खोलीत तो गॉगल लावून पडला होता. दीपानं त्याच्या केसांतून हात फिरवला. सामन्याच्या पहिल्या मध्यंतरात कोच डोकावला. रांगडा, पांढऱ्या मिशांचा गृहस्थ. तो चंद्रशेखरांना म्हणाला, "वीस वर्षं मी पोरांना गोल करायला शिकवतोय. लागलंय म्हणून स्वतःहून सांगायला यायचं, हे शिकवायला त्याहून जड जातं. तुमचा मुलगा ते आज शिकला. असे खेळाडू मला जपून ठेवायचे असतात."

"तो नाही," चंद्रशेखर म्हणाले, "मी शिकलो."

नकुल गॉगलखालून हसला. "बाबा, कॅन आय टेल यू समथिंग? मला चौथी फळी आवडते. तिथे मी रोज काहीतरी नवीन शिकतो. तुम्ही कधी विचारलंच नाहीत."

"आता विचारतोय. सांग."

आणि नकुल सांगू लागला. पक आपल्याकडे नसताना नजर कुठे ठेवायची, भिंतीपाशी पाय कसे रोवायचे, थकलेला जोडीदार कसा ओळखायचा. वीस वर्षांत बापलेक इतकं बोलले नव्हते.

सव्वा महिन्यानं डॉक्टरांनी परवानगी दिली आणि नकुल पुन्हा बर्फावर उतरला. गोल झाला नाही. नऊ मिनिटं तो पळाला, झटला, मागे आला. चंद्रशेखर बाकावरून सबंध वेळ त्याच्याकडेच बघत होते, पक कुठे आहे याचं त्यांना भानही नव्हतं. सामना संपल्यावर शेजारच्या अमेरिकन माणसानं विचारलं, "यातला तुमचा मुलगा कोणता?"

"चौथ्या फळीतला," ते मान ताठ करून म्हणाले. "शिकतोय."

तेव्हा मंडळी, एवढंच ध्यानात धरू या. देवानं लेकरू दिलं ते मिरवणुकीत नाचवायला नाही, सांभाळायला दिलं. त्याला घडायला वेळ लागतो, तो देऊ या. त्याचं दुखलं तर ते सगळ्यांत आधी आपल्याला सांगावंसं वाटावं, असं घर ठेवू या. आणि "आजचा दिवस काढ" हे शब्द ओठांवर आले, तर तिथेच थांबून विचारू या, हा दिवस लेकराचा आहे, की माझ्या मोठेपणाचा? उत्तर खरं निघालं, की पुढचं पाऊल आपोआप बरोबर पडतं.