बटणांचा दुसरा डबा

"खोटं वाटेल तुम्हाला, आणि वाटायलाच हवं," जेवायला बसल्याबसल्या आबांनी सुरुवात केली, "कारण आज जे घडलं ते मला स्वतःलाच अजून पटत नाहीये."

सूनबाईंनी वाढता वाढता विचारलं, "डबा दिलात का दुकानात?"

"तेच तर सांगतोय."

डब्याची भानगड अशी. आबा हाडाचे शिंपी. टाकून देणं म्हणजे काय, हे त्यांच्या हातांना कुणी शिकवलंच नव्हतं. चिंधी उरली की गाठोड्यात, बटण उरलं की डब्यात, आणि औषध उरलं की तेही डब्यात. पाकिटं उगाच जागा अडवतात म्हणून गोळ्या सोलून काढायच्या आणि रंग बघून लावायच्या, पांढऱ्यात पांढरी, गुलाबीत गुलाबी. कुठली गोळी कशावरची, असं कुणी विचारलं की म्हणायचे, कापड बघितलं की बटण कळतं, दुखणं बघितलं की गोळी कळते. मागच्या थंडीत खोकल्यावर निळी घेतली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत खुर्चीत घोरत पडले. वर म्हणाले, खोकला आला का एकदा तरी?

इथवर चालून गेलं असतं. पण मुलगा आणि सूनबाई कामाला गेले की चार वर्षांची नात, घरात जिला भिंगरी म्हणत, ती आबांच्या हवाली. तिला खेळायला बटणांचा डबा. आणि दोन्ही डबे जुळे भाऊ. झाकणावर तेच फूल, फुलावर त्याच जागी तोच गंज. काल संध्याकाळी सूनबाईंच्या हाती चुकून दुसरा भाऊ लागला. त्या ओरडल्या असत्या तर आबांना बरं वाटलं असतं. त्या हळू आवाजात एवढंच म्हणाल्या, की कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने उरलेल्या औषधांसाठी कुलपाची पेटी ठेवलीय. उद्या हे सगळं त्यात गेलं नाही, तर परवापासून भिंगरी पाळणाघरात.

आबांनी मनाशी हिशेब मांडला. भिंगरी नसली तर दुपारी बोलायचं कुणाशी, आणि बाहुलीचे झगे शिवायचे कुणासाठी? म्हणून आज डबा घेऊन आबा निघाले, हे खरं. दारापर्यंत पोचले, हेही खरं. तिथून पुढचं त्यांच्याच तोंडून ऐकलेलं बरं.

म्हणे, वाटेत त्यांना वाटलं, औषधवाल्याला कशाला त्रास? कोपऱ्यावरच्या गटारात एक पांढरी टाकून बघितली. ते गटार तुंबून कैक वर्षं झालेली. त्याने दोनदा घसा खाकरला आणि खळखळून वाहू लागलं. मग टाकली निळी. तर आतले सगळे उंदीर रांगेने बाहेर आले आणि फुटपाथवर एका कुशीवर झोपले. पलीकडून मांजर आलं, त्याने वास घेतला, जांभई दिली, आणि तेही त्यांच्या ओळीत लवंडलं.

मुलाला ठसका लागला. सूनबाईंनी त्याच्यापुढे पाणी सरकवलं आणि स्वतःचं हसू पदराआड केलं.

तेवढ्यात औषधवाला धावत आला, आबा सांगत होते, आणि चांगला खडसावला त्याने. गटारात नाही, मोरीत नाही, संडासातही नाही. पाण्यात विरघळलेली गोळी फिरून आपल्याच पेल्यात येते. दंडाला धरून पेटीपाशी नेलं. पेटीचं तोंड काजाएवढं. पण काजातून बटण कसं काढायचं हे या बोटांना शिकवावं लागतं का? निम्मा डबा आत गेला तोवर पेटीच्या बिजागऱ्यांचा संधिवात पळाला. झाकण न कुरकुरता उघडलं.

"आणि रिकामा डबा?" सूनबाईंनी विचारलं.

"तो त्याने दिलाच नाही. काचेच्या कपाटात मांडून ठेवलाय. म्हणाला, आबा, असा संग्रह पुन्हा होणे नाही." आबांनी पाण्याचा घोट घेतला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "मग उद्या भिंगरी घरीच ना?"

सूनबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने खांदे उडवले. त्यांच्या तोंडून हो निघणार, एवढ्यात भिंगरीने ताटातून मान वर केली.

"पण आबा, डबा तर मशीनच्या खणात आहे. तुझ्या मोजायच्या पट्टीखाली."

आबा म्हणाले, तो बटणांचा.

"नाही, दुसरा. तू दुपारी घोरत होतास ना, तेव्हा मी काढला." आईचा चेहरा पाहून तिने घाईघाईने खुलासा केला. "मी नाही काही खाल्लं. आबांनी सांगितलंय ना, बटण तोंडात घालायचं नाही. मी बाहुलीला भरवलं. सगळ्या निळ्या." मग जरा काळजीने म्हणाली, "ती अजून उठली नाहीये."